मेजावरची आगगाडी आणि माधवराव महाराज

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील मेजवानीच्या दालनात एका लांबलचक मेजावर छोटे रूळ मांडलेले आहेत, आणि त्या रुळांवर चांदीचे एक इंजिन सात डबे घेऊन उभे आहे. प्रत्येक डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर आहे. सातही ओळीने वाचली म्हणजे शिंदे घराण्याचे नाव इंग्रज लोक लिहीत तसे तयार होते. डब्यांवर पैलूदार काचेच्या सुरया. जेवणे आटोपली म्हणजे ही गाडी मेजावरून फेरी घाली. पाहुण्याने आपल्यासमोर आलेली सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे. सुरई परत ठेवली की पुन्हा चालू लागे. सुरयांत काय असे ते सांगण्याची गरज नाही. राजवाड्याच्या काही भागाचे १९६४ साली संग्रहालय झाले. तेव्हापासून येणारा पाहुणा दरबार हॉलातील ती अजस्र झुंबरे पाहतो, ही गाडी पाहतो, हसतो, आणि राजेरजवाड्यांच्या चैनीविषयी दोन शब्द बोलून बाहेर पडतो.

चैन तर ती होतीच. पण ही गाडी ज्यांच्या हौसेची, त्या कै. माधवराव महाराजांचे चरित्र ज्यांना थोडेफार ठाऊक आहे, त्यांना ती नुसती चैन म्हणून सोडून देता येत नाही. मेजावरची गाडी आणि भिंड, शिवपुरी, श्योपूरच्या रानातून धावणारी लहान रुळांची गाडी या दोन्ही एकाच माणसाच्या, एकाच स्वभावातून निघाल्या. तो स्वभाव समजून घ्यायचा तर मेजावरच्या तारांपर्यंत जावे लागते.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. त्या वेळी आग्र्याहून ग्वाल्हेरपर्यंत आगगाडी आणण्याचा प्रश्न त्यांचे वडील जयाजीराव महाराज यांच्यापुढे होता. या मार्गासाठी जयाजीरावांनी पंचाहत्तर लाख रुपये दिले. इंदूरकर तुकोजीराव होळकरांनी खांडवा ते इंदूर या मार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, तेही याच सुमाराचे. मराठी संस्थानिकांचा पैसा लोहमार्गात गुंतला तो असा. १८८१ साली ग्वाल्हेरला गाडी आली तेव्हा माधवराव चार-पाच वर्षांचे होते. त्या वयाच्या मुलाला इंजिनाने किती भुरळ घातली असेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

१८८६ हे साल ग्वाल्हेरच्या इतिहासात दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी इंग्रजांनी झाशी घेऊन ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत केला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जून महिन्यात, जयाजीराव वारले. दहा वर्षेही पुरी न झालेला मुलगा गादीवर बसला. कारभार कौन्सिलकडे गेला. मातोश्री सख्याराजे यांची मायेची आणि कडक अशी दोन्ही प्रकारची देखरेख या मुलावर होती. आई आणि मुलगा यांचे ते नाते शेवटपर्यंत फार जिव्हाळ्याचे राहिले. १८९४ च्या डिसेंबरात माधवरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

राज्य मोठे होते, पण सलग नव्हते. एक तुकडा उत्तरेला ग्वाल्हेर, भिंड, मुरैना, शिवपुरीचा. दुसरे तुकडे माळव्यात, उज्जैन, मंदसोर, शाजापूरकडे. मध्ये इतरांचे मुलूख. एकूण क्षेत्र पंचवीस हजार चौरस मैलांच्या घरात आणि वस्ती तीस लाखांच्या आसपास. अशा विखुरलेल्या राज्याच्या धन्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की राजधानीतून दिलेला हुकूम शेवटच्या तहसिलीपर्यंत पोचतो कसा, आणि तो पाळला गेला की नाही हे कळते कसे. माधवरावांनी या प्रश्नाची दोन उत्तरे काढली. एक, स्वतः हिंडायचे. आणि दुसरे, रूळ टाकायचे. भोपाळ-उज्जैन मार्ग १८९६ साली सुरू झाला, त्यात ग्वाल्हेर दरबारचा पैसा होता. बीना-गुना-बारां मार्गालाही दरबारने पैसा पुरवला. हे दोन्ही रुंद रुळांचे, इंग्रजी कंपन्यांच्या वहिवाटीचे मार्ग. पण ज्या मार्गाने महाराजांचे नाव झाले, तो दोन फुटी.

दोन फूट म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन पावलांइतके अंतर. आपल्या मुख्य मार्गांचे रूळ साडेपाच फुटांचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक ध्यानात येईल. या छोट्या रुळांची सुरुवात तरुण महाराजांच्या हौसेतूनच झाली. ते स्वतः इंजिन हाकीत, आणि ती हौस दाखवण्यापुरती नव्हती. यंत्र उघडून बघण्याची खोड त्यांना होती. पुढे याच हौसेला कामाचे वळण मिळाले. १८९९ साली ग्वाल्हेर ते भिंड आणि ग्वाल्हेर ते शिवपुरी हे मार्ग सुरू झाले. १९०४ साली सबलगडपर्यंत गाडी गेली, १९०९ साली श्योपूरपर्यंत. ग्वाल्हेरहून श्योपूर जवळजवळ दोनशे किलोमीटर.

दोन फुटी रुळांचा हा विचार वेडेपणाचा नव्हता. रुंद मार्गाला भराव रुंद लागतो, पूल भक्कम लागतात, वळणे मोठी घ्यावी लागतात. लहान रूळ डोंगराच्या कडेने, नाल्याच्या काठाने, जुन्या सडकेच्या बाजूने सहज वळतात. चंबळ-कुनोच्या खोऱ्यातील त्या ओबडधोबड मुलखात रुंद मार्ग घालायला कोणतीही कंपनी पुढे आली नसती. आणि सुरुवातीचे ते साल पाहा. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ ज्या वर्षी उत्तर हिंदुस्थान आणि माळव्यावर कोसळला, त्याच वर्षी हे दोन मार्ग खुले झाले. दुष्काळी मुलखात आगगाडी म्हणजे धान्य नेण्याची वाट. हौसेच्या रुळांना असे काम लागेल असे पाच वर्षांपूर्वी कोणाला वाटले असते?

आता मेजाकडे येऊ.

त्या छोट्या गाडीचे मर्म तिच्या चांदीत नाही, विजेच्या जोडणीत आहे. विजेचे मंडळ पुरे झाल्याखेरीज प्रवाह वाहत नाही, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. रुळांतून प्रवाह येतो, चाकांवाटे इंजिनाच्या पोटातील मोटारीत जातो आणि परत फिरतो. या वाटेत कोठेही खंड पडला की मोटार बंद. आता असे समजा की या वाटेतच एकेका सुरईच्या बैठकीखाली एकेक खटका बसवला आहे. सुरईच्या वजनाने खटका मिटलेला राहतो. सुरई उचलली की तो उघडतो. असे सात खटके एकामागून एक, माळेतील मण्यांसारखे, एकाच तारेत ओवले, तर सातांपैकी कोणतीही एक सुरई उचलली तरी सगळे मंडळ तुटते आणि गाडी थांबते. सुरई जागेवर आली की माळ पुरी होते आणि गाडी निघते. ना नोकर धावायला हवा, ना यजमानाने हाक मारायला हवी. या योजनेचे तत्त्व इतके सोपे आहे.

सोपे खरे, पण त्यात एक खुबी आहे. गाडीची मुख्य कळ यजमानाच्या हाताशी असे. वेग कमीजास्त करणे, गाडी सोडणे, रोखणे हे त्या कळीने होई. म्हणजे एका गाडीवर दोघांचा हुकूम झाला: एक यजमानाचा, दुसरा ज्याच्या समोर गाडी आली त्या पाहुण्याचा. आणि दोन्ही हुकूम एकाच माळेत ओवलेले असल्यामुळे दोघांत तंटा संभवत नाही. दोघांपैकी कोणीही गाडी थांबवू शकतो. चालवायची मात्र दोघांच्या संमतीने. पाहुण्याच्या हातात सुरई असताना यजमानाने कळ कितीही फिरवली तरी गाडी हलायची नाही. राजाच्या मेजावर राजाची कळ पाहुण्याच्या हातापुढे निरुपाय व्हावी, ही योजना राजानेच मान्य केलेली होती. आतिथ्य म्हणून तिचे मोल चांदीपेक्षा मला अधिक वाटते.

एका गाडीवर दोन हुकूम चालवणे किती अवघड असते, हे आजच्या छोट्या आगगाड्यांच्या शौकिनांना चांगले ठाऊक आहे. जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब कमीजास्त करून वेग राखतात, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिने एकाच हुकमाने चालतात. १९९० च्या दशकात प्रमाण ठरलेल्या डिजिटल पद्धतीत रुळांत दाब कायम ठेवतात. हुकूम त्याच तारांतून संकेताच्या रूपाने जातो, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातील लहानसे यंत्र आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलते. एका रुळावर चार इंजिने चार तऱ्हांनी चालू शकतात. पण ज्याच्या घरी दोन्ही पद्धतींची इंजिने आहेत आणि रूळ मात्र एकच, त्याला तारा जोडताना जपावे लागते. दोन नियंत्रक एकाच वेळी एकाच रुळाला जोडले गेले तर ते एकमेकांच्या अंगावर वीज सोडतात आणि यंत्र जळते. म्हणून दोन्ही तारा एकदम पालटणारा दुहेरी खटका मध्ये बसवतात: एका बाजूला टाकला की एक पद्धत, दुसऱ्या बाजूला टाकला की दुसरी, आणि मध्यभागी दोन्ही बंद. दोन स्वतंत्र खटके बसवून आपण लक्षात ठेवू असे म्हणणारा शौकीन कधी ना कधी विसरतोच.

एवढ्यानेही भागत नाही. रुळांचे भाग पाडून दोन्ही रूळ कापावे लागतात, सांध्यात वीज न वाहणारा तुकडा घालावा लागतो, आणि प्रत्येक भागाला वेगळ्या तारा द्याव्या लागतात. इतके करूनही एका भागावर एक पद्धत आणि शेजारच्या भागावर दुसरी चालू असताना इंजिन सांध्यावरून गेले, तर त्याची धातूची चाकेच दोन्ही भाग जोडून टाकतात आणि नको तो प्रसंग ओढवतो. त्यावर तोडगा असा की मध्ये सबंध गाडी मावेल एवढा बिनविजेचा तुकडा ठेवावा, आणि गाडी त्यात पुरती आल्यावर पुढच्या पद्धतीची वीज तिला द्यावी. खऱ्या लोहमार्गावरही नियमाचा गाभा हाच आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधील भागात एका वेळी एकच गाडी, आणि ज्या ड्रायव्हरच्या हाती त्या भागाचा टोकन, त्यालाच पुढे जाण्याचा हक्क. दोन स्टेशनमास्तर, दोन हुकूम. पण दोघांच्या मध्ये टोकन एकच.

चांदीच्या गाडीची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि छापलीही गेली आहे. व्हॉइसरॉयच्या सन्मानार्थ मेजवानी चालू असता म्हणे तारांत बिघाड झाला, गाडी बेभान धावू लागली आणि बड्या पाहुण्यांच्या पोशाखांवर मद्याचा व रश्शाचा अभिषेक झाला. अशा गोष्टी सांगणाऱ्याबरोबर वाढत जातात. तरी विजेच्या दृष्टीने ती अशक्य नाही. तारा एकमेकींना चिकटल्या की गाडी बंद पडेल असे आपल्याला वाटते, आणि रुळाला रूळ जोडला गेला तर पडेलही. पण वेग आवरणाऱ्या रोधाला वळसा घालून तार चिकटली तर गाडीला पुरा प्रवाह मिळतो. आणि सुरयांखालच्या खटक्यांना वळसा पडला तर सुरई उचलूनही गाडी थांबत नाही. अशा वेळी यजमानाचा हुकूम आणि पाहुण्याचा हुकूम दोन्ही एकदम जातात. महाराजांचा थट्टेखोर स्वभाव सर्वश्रुत होता; एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्यांच्या घरचे जेवायला जुने सरदार भीतभीतच बसत असे सांगतात. तेव्हा हा प्रसंग घडला असेल तर त्यांनाही तो मनातून आवडला असावा, असा माझा आपला तर्क.

मेजावर दुसऱ्याच्या हाताला एवढा मान देणाऱ्या या पुरुषाने राज्याच्या कारभारात मात्र कळ आपल्याच हाती ठेवली. खाती पाडली, मंडळे नेमली, कामांची वाटणी केली. पण प्रत्येक तार शेवटी महाराजांपाशी येऊन मिळे. दौऱ्यावर अचानक जाऊन दप्तरे तपासणे, हिशेब मागणे, अंमलदारांनी कसे वागावे याविषयी सविस्तर टिपणे लिहिणे, यांत त्यांचे दिवस जात. इतके कष्ट करणारे संस्थानिक थोडे झाले. शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव या सरदार घराण्यांतून त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि त्यांत आदराइतकीच धास्तीही आहे.

पैशाच्या बाबतीत त्यांची नजर दूरची होती. जमशेटपूरच्या टाटांच्या लोखंडाच्या कारखान्याला भांडवल अपुरे पडले तेव्हा चार लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. पुढे पहिल्या महायुद्धात याच कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियाच्या लोहमार्गाला गेले. स्वतःच्या राज्यात रूळ टाकणाऱ्याने रूळ घडवणाऱ्या कारखान्यालाही पैसा पुरवावा, हा योग काही निव्वळ योगायोग वाटत नाही. १९२१ साली ग्वाल्हेरात बिर्लांची जयाजीराव कॉटन मिल्स निघाली तीही त्यांच्याच उत्तेजनाने. १९०० साली चीनमधील बंडाच्या वेळी ते स्वतः मोहिमेवर गेले आणि ग्वाल्हेर नावाचे इस्पितळाचे जहाज त्यांनी दिले. महायुद्धातही अशा जहाजाच्या कामी ते पुढे होते.

संगीताविषयी लिहिले नाही तर या गावातला वाचक रागवेल. ग्वाल्हेर घराण्याची गायकी गुरूच्या घरी, गुरूच्या मर्जीने शिकायची. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले, तेव्हा अभ्यासक्रम, इयत्ता आणि स्वरलिपी यांच्या चौकटीत गाणे बसवण्याचा प्रयोग झाला. यंत्राच्या शिस्तीवर विश्वास असलेल्या राजाला ही कल्पना रुचली यात नवल नाही. गाणे चौकटीत किती बसले याविषयी जुन्या गवयांची मते वेगळी होती. पण हजारो सामान्य घरांतील मुलांना दार उघडले, हे त्यांनाही मान्य करावे लागेल.

सगळ्याच गोष्टी कळीने चालत नाहीत, याचा अनुभव महाराजांना दोनदा फार कडू आला. पहिला प्रसंग घरगुती. थोरल्या राणीसाहेब चिंकूराजे यांना संतती नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी माधवरावांचा विवाह ठरला. दोन मोठी मराठी घराणी एक होणार म्हणून सर्वत्र आनंद होता. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर इंदिराराजांनी स्वतःच हा विवाह होणार नाही असे कळवून टाकले, आणि १९१३ साली कुचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. त्या काळी मुलीने असा नकार द्यावा ही अपूर्व गोष्ट होती. बडोद्याच्या आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून त्याची चर्चा कित्येक वर्षे चालली. माधवरावांनी पुढे गजराराजे यांच्याशी विवाह केला. कमलाराजे ही कन्या आणि १९१६ च्या जूनमध्ये जिवाजीराव हे पुत्र झाले. गादीला वारस मिळाला तेव्हा महाराज चाळिशीला आले होते.

दुसरा प्रसंग राज्याचा, आणि अधिक भयंकर. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा येथे धरण बांधले होते. पाटबंधाऱ्यांची महाराजांना मोठी आस्था; दुष्काळ त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला होता. १९१७ च्या पावसाळ्यात हे धरण फुटले. वालुकाश्माच्या थरांतून पाणी पायाखाली शिरले आणि भिंत उचलली गेली. खालच्या अंगाला प्राणहानी फार मोठी झाली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की आपोआप उघडणारे दरवाजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३ साली बसवले होते, आणि तसेच दरवाजे तिघऱ्यालाही लागले. मनुष्याच्या हाताची वाट न पाहता स्वतःच उघडणारा दरवाजा आणि स्वतःच थांबणारी गाडी ही एकाच युगाची अपत्ये. पण पायाखालचा खडक फसवा असेल तर दरवाजा काय करणार? धरण पुढे पुन्हा उभे राहिले आणि ग्वाल्हेर शहर त्याचेच पाणी पिऊ लागले.

१९१९ साली मातोश्री सख्याराजे गेल्या. महाराजांनी शिवपुरीला त्यांची छत्री बांधली. स्वतःची प्रकृतीही मग फार दिवस साथ देईना. ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे माधवरावांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. शिवपुरीला आईच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे. दोघांच्या मूर्तींना रोज वस्त्रे नेसवण्याचा, नैवेद्य दाखवण्याचा आणि सायंकाळी गाणे ऐकवण्याचा परिपाठ तेथे पडला.

जिवाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचेही झालेले नव्हते. म्हणजे एकोणचाळीस वर्षांपूर्वीचाच प्रसंग पुन्हा आला: अल्पवयी राजा आणि कौन्सिलचा कारभार. तो १९३६ पर्यंत चालला. ज्या कारभाराची प्रत्येक तार एका हातात येत होती, तो हात नाहीसा झाल्यावरही गाडा थांबला नाही, याचे श्रेय माधवरावांनी घालून दिलेल्या पद्धतीला द्यावे लागते. मात्र महाराज हयात असताना दुसऱ्या कोणाला कळ हाताळण्याचा सराव मिळाला नव्हता, हेही तितकेच खरे. मेजावर जी वाटणी त्यांनी हसतखेळत केली, ती दरबारात केली असती तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. जनतेचा हात त्या माळेत ओवला जायला पुढे वीस-बावीस वर्षे जावी लागली.

दोन फुटी गाडीचे आयुष्य तिच्या जनकापेक्षा पुष्कळ मोठे ठरले. संस्थान विलीन झाले, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी शिंदे सरकारची रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली, वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली. शिवपुरीचा फाटा उखडला गेला. भिंडचा मार्ग रुंद झाला. श्योपूरची गाडी मात्र घोसीपुरा, बानमोर, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगड अशी ठेचकाळत, डब्यांच्या टपांवर माणसे घेऊन, अर्धा दिवस लावून चालतच राहिली. तिची थट्टा सर्वांनी केली. मोटारी धावू लागल्यावर ही गाडी कशाला, असे शहरात बसून विचारणारे पुष्कळ होते. सबलगडच्या बाजाराला जाणारी म्हातारी तसे विचारीत नव्हती. दुसरी बाजूही आहे. लहान रूळ स्वस्तात पडले म्हणून त्या मुलखाला आगगाडी लवकर मिळाली, आणि लहान रूळ होते म्हणूनच रुंद मार्ग तेथे शंभर वर्षे आला नाही. रुंद मार्गाच्या वाघिणीतील माल ग्वाल्हेरला उतरवून छोट्या वाघिणीत भरावा लागे. हौसेने निवडलेले दोन फूट तीन पिढ्यांना पुरले आणि अडलेही.

२०२० साली ही गाडी बंद झाली. रूळ निघाले आणि रुंद मार्गाचे काम सुरू झाले. ग्वाल्हेरच्या बाजूने टप्प्याटप्प्याने नव्या गाड्या सुटू लागल्या. जयविलासातील मेजावरचे इंजिन आणि त्याचे सात डबे तेवढे आपल्या जागी आहेत.